वाजवणं थांबतं, पेडलबोर्डाची घरघर थांबत नाही: नॉइज गेट घेण्याआधी आणि घेतल्यावर

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज फोडून जाड करणारं पेडल) चालू केला की तारांवर हात ठेवूनही स्पीकर ‘सूं’ करत राहतो. मग स्वस्तातलं एक छोटं नॉइज गेट येतं आणि चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी जागा बदलते, सॉकेट बदलतं, गिटार बदलते आणि आवाज परत हजर! नॉब चढवला तर सुरांच्या शेपट्या तुटतात, उतरवला तर घरघर सुरू. बडोद्यात हे दुखणं गणपतीत डोकं वर काढतं आणि नवरात्रात अगदी टोकाला जातं, कारण नऊ रात्री जनरेटर, डिमर आणि एलईडी स्क्रीन यांना खेटून वाजवायचं असतं.

गेट काय करतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पैसे चुकीच्या जागी जाणार नाहीत. गेट हे दार आहे, चाळणी नाही. आत येणारा सिग्नल थ्रेशोल्डच्या (नॉबने ठरवलेल्या पातळीच्या) वर असेल तर दार उघडं, खाली गेला की बंद. तुम्ही वाजवत असता तेव्हा दार उघडंच असतं आणि सुरांबरोबर घरघरही आरामात बाहेर पडते. म्हणून सूर चालू असताना त्याच्याखाली जी गुणगुण ऐकू येते ती कुठलंही साधं गेट काढू शकत नाही, महागातलंसुद्धा. ती मुळातच कमी करावी लागते.

आवाजाची जात ओळखा

जाड, खालच्या पट्टीतला ‘घूं’ म्हणजे ५० हर्ट्झ, आपल्या विजेची वारंवारता. गिटार हातात धरून जागच्या जागी सावकाश फिरा. एखाद्या कोनात आवाज एकदम पडला तर तो पिकअपमधून येतोय. सिंगल कॉइल पिकअप हा तारेचा वेटोळाच असतो. ट्रान्सफॉर्मर, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा चोक जे काही आसपास असेल ते तो पकडतो. हल्लीच्या बहुतेक स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारांत मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे सिलेक्टरच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी ही गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली हमबकरच्या (गुणगुण मारणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला तो याच एका कारणासाठी. तुमच्या गिटारीत हमबकर असेल आणि तरीही फिरल्यावर ‘घूं’ बदलत असेल, तर आतली वायरिंग उघडून पाहायला हवी.

चिरका, दातात कळ यावी असा ‘झर्रर्र’ वेगळा. तो १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटींचा असतो. अर्थिंगचा फेरा (दोन वाटांनी अर्थला जोडल्याने होणारा), खराब अडॅप्टर किंवा स्टेजवरचे डिमर हे त्याचे नेहमीचे धनी. लाइटवाल्याने दिवे मंद केले की वाढतो आणि पूर्ण तेजावर नेले की कमी होतो, म्हणजे डिमर.

नुसता ‘सूं’, पावसाच्या दूरच्या आवाजासारखा, म्हणजे जास्त गेन, सिग्नल फार वाढवणं. हा सर्किटचा स्वभाव आहे आणि गेटचं खरं काम इथेच. बारीक शिट्टी, जी डिले (पडसाद देणारं पेडल) किंवा मल्टी-इफेक्ट चालू केल्यावरच येते, ती पॉवर सप्लायची. हलवल्यावर येणारी खरखर जॅकची, केबलची किंवा व्हॉल्यूम पॉटची (नॉबखालच्या फिरत्या भागाची). पावसाळा संपता संपता ही खरखर बडोद्यात हमखास वाढते. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, पॉटमध्ये थोडा मारून नॉब पूर्ण वीसेक वेळा फिरवा.

कुठून येतोय?

अंदाज बांधत बसू नका, साखळी तोडून पाहा. दहा मिनिटं लागतात.

१. अॅम्प चालू, इनपुटमध्ये काहीच नाही. तरीही आवाज असेल तर अॅम्प किंवा सॉकेट.
२. गिटार एकाच केबलने थेट अॅम्पला. गिटारचा व्हॉल्यूम दहावर, मग शून्यावर. शून्यावर आवाज गेला तर तो पिकअपकडून येत होता. शून्यावरही राहिला तर केबल बदला.
३. आता मध्ये पेडलबोर्ड, सगळी पेडलं बंद. इथे आवाज वाढला तर दोष पॅच केबलमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये.
४. पेडलं एकेक करून चालू करा. ज्याच्यावर आवाज उसळतो, ते पेडल वेगळ्या अडॅप्टरवर किंवा त्याची सोय असेल तर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. बॅटरीवर शांत झालं तर गेटचा विचार बाजूला ठेवा, आधी सप्लाय बदला.

दुसऱ्या पायरीवर एक बारकाई आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण थोडी कमी होते, हे नेहमीचंच. तुमचं शरीर तारांमधून ग्राउंडला जोडलं जातं. पण हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर आउटपुट जॅकवर दोन वायरी उलट सोल्डर झाल्या आहेत. आणि लावला-काढला तरी काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर तुटली आहे का ते पाहा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं केबलच्या प्लगच्या बाहेरच्या भागाला. बीप आला पाहिजे.

सप्लाय

स्वस्त पेडलबोर्डावरच्या निम्म्या तक्रारी इथे संपतात. एकाच अडॅप्टरला पाच तोंडांची डेझी चेन लावली की सगळ्या पेडलांचा ग्राउंड एक होतो आणि डिजिटल पेडलच्या आतल्या क्लॉकचा कचरा ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो. ओव्हरड्राइव्ह मग तो वाढवून देतो. अॅनालॉग पेडलं डेझी चेनवर राहू द्या, डिले, रिव्हर्ब, मॉड्युलेशन यांना वेगळा अडॅप्टर द्या. एवढ्याने शिट्टी जाते. पुढे कधी घ्यायचा झाला तर प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड (बाकीच्यांपासून तोडलेलं) असलेला सप्लाय घ्या; नुसती भोकं जास्त आहेत म्हणून तो आयसोलेटेड होत नाही.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी, मधला पिन ऋण, असं लागतं. मिलिअँपिअरचा आकडा पेडलच्या खाली छापलेला असतो. सगळ्यांची बेरीज करा आणि अडॅप्टर त्याच्या दीडपट घ्या. साधा ओव्हरड्राइव्ह दहा-वीस मिलिअँपिअरवर भागवतो, डिजिटल पेडलला दोनशे-तीनशेही लागू शकतात. बेरीज कमी पडली की पेडल बंद पडतंच असं नाही. कधी ते फक्त भुणभुणतं, आणि म्हणून दोष लवकर कळत नाही.

अर्थिंग, ज्याच्याशी खेळू नये

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीच्या आसपासच्या जुन्या घरांत आणि वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायर असतेच असं नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवून तीन मोजमापं घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा शून्याकडे असेल किंवा मध्येच कुठेतरी तरंगत असेल तर अर्थिंग नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तरी गडबड आहे. हे मोजायचा सराव नसेल तर वायरमनला बोलवा, आणि तो ‘न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून देतो’ म्हणाला तर करू देऊ नका.

आवाज जातो म्हणून प्लगची जाड पिन कापायची किंवा तिच्यावर टेप गुंडाळायची पद्धत अजून चालू आहे. आवाज खरंच जातो कधी कधी. पण अॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट गिटारच्या तारांवर येतो, आणि तुमचे ओठ ज्या माइकला लागतात तो मिक्सरमार्गे अर्थला जोडलेला असतो. करंट मग तुमच्यातून जातो. वाजवण्याआधी निऑन टेस्टर तारांना लावा. पेटला तर वाजवू नका.

अॅम्पही लावलाय आणि मिक्सरलाही लाइन दिली आहे, तेव्हा अर्थचा फेरा तयार होतो. तो तोडायचा तर डीआय बॉक्सवरच्या (गिटारची लाइन मिक्सरला देणाऱ्या डबीवरच्या) ग्राउंड लिफ्टने. ते बटण फक्त ऑडिओ केबलचा ग्राउंड सोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. अॅम्प, पेडलबोर्ड आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवता आले तर तो फेरा बहुतेक वेळा होतच नाही. लॅपटॉप जोडला असेल तर एकदा त्याचा चार्जर काढून ऐका.

आता गेट: दोन जॅकचं की चार जॅकचं?

इतकं करूनही जो ‘सूं’ उरतो, तो गेटचा. विकत घेताना ब्रँडआधी जॅक मोजा.

दोन जॅकच्या गेटमध्ये सिग्नल इकडून आत, तिकडून बाहेर. मूअर नॉइज किलर आणि डॉनर नॉइज किलर ही यातली छोटी, परवडणारी पेडलं. एक थ्रेशोल्डचा नॉब, एक हार्ड-सॉफ्टचा स्विच. बोर्डावर जागा थोडी लागते. एक ओव्हरड्राइव्ह, बाकी क्लीन, असं वाजवणाऱ्याला हे पुरतं. एमएक्सआर स्मार्ट गेटही दोनच जॅकचं. हिस, मिड आणि फुल असे तीन पर्याय त्यात मिळतात, पण ते या छोट्या पेडलांच्या किमतीत येत नाही.

मोठा गेन आला की दोन जॅकचं गेट गडबडतं, आणि का ते आकड्यांत पाहिलं की स्पष्ट होतं. समजा, गिटारमधून थेट येणारा सूर घरघरीपेक्षा ६० डेसिबल वर आहे. डिस्टॉर्शन घरघर ४० डेसिबलने वाढवतं. सूर मात्र क्लिप होतो (त्याचा माथा छाटला जातो), त्याला वर जायला जागाच नसते, तो दहाएक डेसिबलच वाढतो. अंतर उरलं ३०. सूर विरत चालला की हे अंतर आणखी आटतं, आणि गेटला विरणारा सूर कुठला आणि घरघर कुठली हे वेगळं करताच येत नाही. म्हणून शेपूट कापली जाते. दोष त्या पेडलचा नव्हे, त्याला ऐकायला जे दिलं त्याचा.

चार जॅकच्या गेटमध्ये सेंड (सिग्नल ड्राइव्ह पेडलांकडे पाठवणारा) आणि रिटर्न (परत घेणारा) असतात; या फेऱ्याला लूप म्हणतात. कान असतो गिटारच्या स्वच्छ सिग्नलवर, दार असतं डिस्टॉर्शनच्या नंतर. ६० डेसिबलचं अंतर शाबूत राहतं. बॉस एनएस-२ हे १९८७ पासून याच रचनेचं आहे. बेहरिंगर एनआर३०० त्याच घराण्यातलं, प्लास्टिकच्या अंगाचं आणि चार जॅकमधलं परवडणारं. टीसी इलेक्ट्रॉनिक सेंट्री आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सायलेन्सर यांनाही लूप आहे. पैसे मोजकेच असतील तर आमचं मत सरळ आहे: धातूच्या छोट्या दोन जॅकच्या गेटपेक्षा प्लास्टिकचं चार जॅकचं घ्या, आणि पायाने दाबताना जरा जपा. सेकंडहँड एनएस-२ मिळालं तर उत्तमच. घेताना एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावून ऐका, आवाज जसाच्या तसा आला पाहिजे; मग चारही जॅकमधले प्लग हलवून खरखर तपासा. त्याच्या डीसी आउटमधून इतर पेडलांना वीज देता येते, पण ती डेझी चेनच झाली. तिच्यावर डिजिटल डिले लावू नका.

मल्टी-इफेक्ट वापरत असाल तर आधी त्याच्या आत बघा. झूमच्या बऱ्याच यंत्रांत झेडएनआर नावाचं गेट असतं आणि त्यात कुठला सिग्नल ऐकायचा हे ठरवणारी सेटिंग असते. ती गिटारच्या इनपुटवर ठेवा. चार जॅकचं काम तिथे फुकटात होतं.

जोडणी

गिटारची केबल गेटच्या इनपुटला. सेंडमधून पहिल्या ड्राइव्ह पेडलला, शेवटच्या ड्राइव्हमधून रिटर्नला. गेटच्या आउटपुटमधून डिले, रिव्हर्ब आणि पुढे अॅम्प. गेन अॅम्पचाच वापरत असाल तर सेंडमधून ड्राइव्ह आणि तिथून अॅम्पच्या इनपुटला, अॅम्पच्या इफेक्ट सेंडमधून गेटच्या रिटर्नला, गेटच्या आउटपुटमधून डिले आणि मग अॅम्पच्या इफेक्ट रिटर्नला. या दुसऱ्या जोडणीला दोन लांब केबली जास्त लागतात, त्या आधीच मोजून घ्या.

कॉम्प्रेसर (हळू आणि मोठा आवाज सारखा करणारं पेडल) लूपच्या आत. इनपुटच्या आधी ठेवला तर तो शांततेत घरघर वर उचलतो आणि गेटचा कानच बिघडतो. व्हॉल्यूम पेडल गेटच्या आउटपुटनंतर, नाहीतर पाय खाली आणताच दार मिटतं. जुन्या धाटणीच्या फझला (फाटक्या आवाजाच्या पेडलला) थेट पिकअप समोर लागतो, त्यामुळे तो गेटच्या आधीच ठेवा आणि त्याच्यापुरती थोडी तडजोड स्वीकारा.

सेट करताना

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, सगळ्यात जास्त गेनचं पेडल चालू, थ्रेशोल्ड शून्यावर, डिके (दार मिटायला लागणारा वेळ) मधोमध. तारा तळहाताने दाबून धरा आणि थ्रेशोल्ड सावकाश चढवा. घरघर जिथे थांबते तिथून केसभर पुढे जाऊन थांबा. आता एक सूर छेडून पूर्ण विरू द्या. शेपूट तुटली तर आधी डिके लांबवा, थ्रेशोल्ड नंतर. पाम म्यूटच्या (तळहाताने तारा दाबून) तुटक वाजवण्याला डिके अगदी कमी, क्लीन आणि लांब सुरांना जास्त.

गरब्याला हींचच्या ठेक्यावर ऱ्हिदम धरताना खालून वर जाणारा हलका स्ट्रोक गेट गिळतं आणि ठेका लंगडा ऐकू येतो. म्हणून थ्रेशोल्ड जोरदार स्ट्रोकवर लावू नका. सगळ्यात हलक्या उलट्या स्ट्रोकवर लावा आणि तो येतोय याची खात्री करा. गिटारचा व्हॉल्यूम खाली आणून वाजवायची सवय असेल तर तिथेही एकदा तपासा, कारण नॉब सहावर गेला की सूरही थ्रेशोल्डजवळ येतो.

गेट लावल्यावरही उरणारे त्रास

सूर विरताना गेट फडफडतं, पाल चुकचुकावी तसं: सिग्नल थ्रेशोल्डच्या रेषेवरच रेंगाळतोय. डिके वाढवा किंवा थ्रेशोल्ड थोडा खाली घ्या. डिलेचे पडसाद मध्येच तुटतात: डिले गेटच्या आधी राहिला आहे. गेटचं दार मिटलं तरी सूं येतो: तो गेटच्या नंतर जन्मतोय, बहुधा अॅम्पच्या प्रीअॅम्पमध्ये, तिथे वरची लांब जोडणीच हवी. मोठ्या आवाजात शिट्टी चढत जाते आणि गेट ती रोखत नाही: पिकअप मायक्रोफोनिक झाला आहे (कंपनंही पकडतोय) किंवा तुम्ही स्पीकरसमोर उभे आहात, शिट्टी सुरापेक्षा मोठी असते, तिच्यासाठी दार उघडंच राहणार.

सिंगल कॉइलची गुणगुण फारच असेल तर गिटारच्या आतल्या खाचांना तांब्याची चिकटपट्टी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पिकगार्ड काढा, खाचेच्या तळाला आणि भिंतींना पट्टी लावा, काठावर पाऊण सेंटिमीटर बाहेर दुमडा म्हणजे पिकगार्डमागच्या पट्टीला ती टेकेल. जोडांवर सोल्डरचा एकेक ठिपका द्या, कारण पट्टीचा गोंद वीज वाहून नेईलच याचा भरवसा नसतो. मग एक वायर पट्टीपासून व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला. पट्टी आणि ब्रिज यांच्यात मीटरवर १ ओहमच्या आत आकडा यावा. सिलेक्टर स्विचची कुठलीही उघडी पाती पट्टीला टेकू देऊ नका. तिथे आधी इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर गिटार मुकी होते आणि कारण सापडायला संध्याकाळ जाते. यामुळे ‘झर्रर्र’ बराच कमी होतो. ५० हर्ट्झचा ‘घूं’ मात्र पट्टीने फारसा हलत नाही, तो चुंबकीय असतो.

मैदानावर साउंडचेक दुपारी होतो, दिवे बंद असताना. गेट तेव्हा लावून ठेवलं तर रात्री ते चुकीचंच ठरणार. लाइटवाल्याला दोन मिनिटं सगळे डिमर अर्ध्यावर आणि एलईडी स्क्रीन चालू ठेवायला सांगा, आपण कुठल्या कोनात उभे राहिलो की आवाज पडतो ती जागा टेपने खूण करून ठेवा आणि थ्रेशोल्ड तिथे उभं राहून लावा.